दम असणे आणि दम धरणे

हुतूतूच्या मैदानात चढाईला गेलेला गडी दम घुमवतो. दम तुटला की तो बाद. त्याच गड्याला दुसऱ्या दिवशी वर्गात, प्रश्न पुरता ऐकून न घेता उत्तर फेकल्याबद्दल, बाई म्हणतात, ‘अरे, जरा दम धर.’ पहिला दम छातीतला, दुसरा डोक्यातला. मराठीत मात्र शब्द एकच. फारसीत दम म्हणजे श्वास. संस्कृतातल्या शम-दम या जोडीतला दम म्हणजे मनावरचा ताबा. दोन वेगळ्या मुलखांतले हे शब्द उच्चाराने जुळे निघाले आणि आपल्या तोंडी कधी मिसळून गेले, ते कुणाला कळलेही नाही. ‘दम धर’मधला दम यांतला नेमका कोणता, याचा निवाडा कोशकारांनी करावा.

असे शब्द मिसळायला अचलपूरसारखे गाव शोधून सापडायचे नाही. जुने नाव एलिचपूर. १४९० ते १५७४ या काळात वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी, पुढे मोगलांच्या आणि निजामाच्या अमलातही मानाचे ठाणे. दप्तर फारसीत, बाजार वऱ्हाडीत. आजही परकोटाच्या आतल्या गल्लीत पोरे एकमेकांना ‘दम हाय का बे?’ म्हणून डिवचतात, आणि घामाघूम होऊन घरात शिरलेल्या त्याच पोराला आजी ‘थोडा दम खाय’ म्हणत पाण्याचा गिलास देते.

शब्दांची ही गंमत इथेच सोडून देता आली असती. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मेंदूच्या अभ्यासकांनी मुलांवर जे प्रयोग केले, त्यांतून जवळपास हेच पुढे येत आहे: ज्या मुलाच्या छातीत दम आहे, त्याला डोक्यानेही दम धरणे सोपे जाते.

प्रयोगातली चाचणी अगदी साधी असते. पडद्यावर पाच बाण ओळीने उमटतात. मधल्या बाणाचे तोंड डावीकडे आहे की उजवीकडे, एवढेच बटण दाबून सांगायचे. पाचही बाण एका दिशेला असतील तर प्रश्नच नाही. पण कडेचे चार उजवीकडे आणि मधला एकटा डावीकडे असला, की बोट चौघांच्या मागे धावू पाहते. त्या क्षणी बोटाला आवरून मधल्याकडे बघणे ही खरी परीक्षा. हिला फ्लँकर चाचणी म्हणतात. तिच्यात गणित नाही, भाषा नाही, पाठांतरही नाही. नुसता दम धरायचा.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांच्या गटाने नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ही चाचणी दोनदा दिली. एकदा शांत बसून राहिल्यावर आणि एकदा ट्रेडमिलवर वीस मिनिटे झपझप चालून आल्यावर. डोक्याला विद्युतलहरी टिपणारी टोपी होतीच. चालून आलेल्या मुलांची उत्तरे जास्त बरोबर आली आणि लक्ष एकवटल्याची खूण मानली जाणारी लहरही अधिक ठळक दिसली. वाचलेला मजकूर समजण्यातही फरक पडला. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली मुले अवघी वीस होती हेही सांगितले पाहिजे. वीस मुलांवरून सगळ्या जगाच्या वेळापत्रकात बदल करायला निघू नये.

वर्षभराने याच विद्यापीठातून आणखी एक शोध आला. लॉरा चॅडॉक आणि सहकाऱ्यांनी ४९ मुलांचा दम आधी मोजला. दम मोजतात म्हणजे मुलाला ट्रेडमिलवर पळवत नेतात आणि पार थकेपर्यंत त्याचे शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते ते बघतात. मग त्याच मुलांच्या मेंदूचा एमआरआय काढला. कानशिलाच्या आत, खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आकाराने समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेतून हे नाव आले. काय, कुठे, कुणाबरोबर घडले याची गाठ मारून आठवण तयार करणे हे त्याचे काम. ज्यांचा दम चांगला, त्या मुलांचा हिप्पोकॅम्पस मेंदूच्या एकूण आकारमानाच्या तुलनेत सुमारे १२ टक्क्यांनी मोठा निघाला, आणि गोष्टींची सांगड घालून लक्षात ठेवण्याच्या परीक्षेतही ही मुले पुढे होती.

याच गटाचा तिसरा प्रयोग अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याच्या एसटी स्टँडसमोरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांनी मुद्दाम ऐकावा. मुलांना एका बनावट रस्त्यासमोर उभे केले: तीन बाजूंना पडदे, पडद्यांवर धावत्या मोटारी, पायाखाली ट्रेडमिल. गाड्यांमधली फट बघून रस्ता ओलांडायचा. कधी नुसते, कधी कानात गाणी, कधी फोनवर बोलत बोलत. साधा रस्ता सगळ्यांनीच सारखा ओलांडला. फोनवर बोलताना मात्र दमाने कमी असलेली मुले जास्त वेळा चुकली. दमदार मुलांच्या ओलांडण्यात फारसा फरक पडला नाही. एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळायच्या झाल्या की डोक्यातल्या कारभाऱ्याची कसोटी लागते.

कारभारी हा शब्द इथे बरोबर बसतो. कपाळामागचा जो मेंदूचा भाग, तो घरातल्या जाणत्या कारभाऱ्यासारखा वागतो. उतावीळपणाला आवर घालायचा, हातातल्या कामाच्या चार गोष्टी एकदम ध्यानात ठेवायच्या, आणि परिस्थिती पालटली की बेतही पालटायचा, ही त्याची तीन कामे. शास्त्रीय भाषेत यांना एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात. हा कारभारी कामाला लागतो लवकर, पण पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे पहिलीपासून बारावीपर्यंतचे सगळे शिक्षण एका शिकाऊ कारभाऱ्याच्या भरवशावर चाललेले असते. दम वाढल्याचा फायदा सर्वांत स्पष्ट दिसतो तो याच्याच कामांत.

इथे कुणीही सुज्ञ वाचक हरकत घेईल, आणि ती घ्यायलाच हवी. ज्या घरात खाणेपिणे चांगले, आईबाप शिकलेले, खेळायला जागा आणि वेळ, त्या घरातले मूल धावण्यातही पुढे असणार आणि परीक्षेतही. मग धावण्याने मेंदू सुधारला असे कशावरून? कोंबडा आरवला म्हणून उजाडले, असा तर हा प्रकार नाही? ४९ मुलांचा एमआरआय या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करावे लागतात.

तसेही झाले आहे. हिलमन यांच्याच गटाने सात ते नऊ वर्षांच्या २२१ मुलांतून चिठ्ठीने निम्मी निवडली आणि शाळा सुटल्यावर रोज दोन तास खेळायला नेली. त्यातली किमान सत्तर मिनिटे घाम काढणारी होती. नऊ महिने हे चालले. बाकीची मुले पुढच्या वर्षाची वाट बघत थांबली. २०१४ मध्ये आलेला निकाल असा, की खेळलेल्या मुलांचा दम तर वाढलाच, शिवाय उतावीळपणा आवरण्यात आणि एका नियमावरून दुसऱ्यावर उडी मारण्यात ती इतरांपेक्षा पुढे गेली. जे मूल जास्त दिवस आले, त्याच्या मेंदूतला बदलही जास्त. जॉर्जिया राज्यात वजन जास्त असलेल्या १७१ मुलांवर १३ आठवड्यांचा असाच प्रयोग झाला होता. एका गटाला रोज वीस मिनिटांचा व्यायाम, दुसऱ्याला चाळीस मिनिटांचा, तिसऱ्याला काहीच नाही. वीसवाल्यांना थोडा लाभ झाला, चाळीसवाल्यांना जास्त, आणि नवल म्हणजे गणितातही. एक आकडाही शिकवला नव्हता.

स्वीडनमध्ये एके काळी प्रत्येक तरुणाला सक्तीच्या लष्करी भरतीसाठी तपासत, त्यामुळे तिथे माहितीचा डोंगर साठलेला. १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या सुमारे बारा लाख तरुणांच्या नोंदी चाळून २००९ मध्ये एक निष्कर्ष निघाला. अठराव्या वर्षी ज्यांचा दम चांगला, त्यांची बुद्धिमापनातली कामगिरीही चांगली. स्नायूंच्या ताकदीचा मात्र बुद्धीशी असा संबंध दिसला नाही. भावाभावांच्या आणि जुळ्यांच्या नोंदी ताडून बघितल्या, तेव्हा यात आनुवंशिकतेचा वाटा थोडा आणि परिस्थितीचा मोठा निघाला.

वऱ्हाडातल्या आखाड्यांनी हा निष्कर्ष जरा थांबून वाचावा. दंड फुगवले म्हणून डोके चालते असे नाही. हृदय-फुप्फुसांची चाकरी झाली पाहिजे.

हे होते कसे, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही, पण धागेदोरे हाती आहेत. धावताना मेंदूकडे रक्त जास्त जाते, हा सगळ्यांना सुचणारा भाग. त्याहून महत्त्वाचे काही रसायनांत घडते. १९८२ मध्ये इव्ह बार्ड आणि हान्स थोनेन या दोघांनी डुकराच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळे काढले. त्याला आज बीडीएनएफ या आद्याक्षरांनी ओळखतात. मेंदूच्या पेशी जगवणे आणि पेशीपेशींमधले दुवे बळकट करणे हे त्याचे काम. १९९५ मध्ये असे दिसले की चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत, त्यातही हिप्पोकॅम्पसमध्ये, हे प्रथिन वाढते. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जन्मताना आढळल्या, आणि ते उंदीर शिकलेही लवकर. उंदराचे सगळेच माणसाला लागू होते असे नाही. मुलाच्या मेंदूत काय चालले आहे ते कवटी उघडून बघता येत नाही. एमआरआयच्या खिडकीतून दिसेल तेवढेच.

पण नुसते पळणे पुरते का? यावर शास्त्रज्ञांत चांगलीच जुंपलेली आहे. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या अॅडेल डायमंड या विषयातल्या जाणत्या. त्यांचे म्हणणे असे, की डोके बाजूला ठेवून केलेली पायपीट कारभाऱ्याला फारसे काही शिकवत नाही. ज्यात पुढच्या क्षणाचा अंदाज बांधावा लागतो, नियम पाळावे लागतात, समोरच्याची चाल ओळखावी लागते, असा व्यायाम हवा. हिलमन आणि त्यांचे सहकारी म्हणतात, पुरावा बघा, साध्या धावण्यानेही फरक पडतो. हा वाद मिटायचा तेव्हा मिटो. वऱ्हाडात या दोन्ही बाजूंना एका मैदानात उभे करणारा खेळ आधीपासून आहे. त्याचे नाव आट्यापाट्या.

विदर्भ हा या खेळाचा बालेकिल्ला. नऊ-नऊ गड्यांचे दोन संघ. जमिनीवर आडव्या पाट्या आखलेल्या, आणि त्यांना मधोमध उभी कापत जाणारी सूरपाटी. प्रत्येक आडव्या पाटीवर एक गडी रोखायला उभा. त्याने आपली पाटी सोडायची नाही. चढाई करणाऱ्यांनी कपाळपाटीपासून शिरायचे, एकेक पाटी हुलकावणी देत ओलांडायची, शेवटच्या लोणपाटीपलीकडे जायचे आणि तसेच परत यायचे. सुरावरचा गडी मात्र उभ्या पाटीवरून मोकाट धावतो आणि केव्हा पाठीशी येईल याचा नेम नाही. पुढे पाटीवाला, बाजूला सूर, मागच्या चौकोनात अडकलेला आपलाच सोबती. कोंडी झाली की अर्ध्या सेकंदात ठरवायचे: डावा खांदा झुकवून उजवीकडे निसटायचे की नुसती हूल देऊन जागीच थांबायचे. जो उतावीळ, तो पहिल्या दोन पाट्यांत मारला जातो. जो दम धरून पाटीवाल्याचे पाय वाचतो, तो पार होतो.

कारभाऱ्याची तिन्ही कामे इथे एका डावात होतात: आवर घालणे, सगळ्यांच्या जागा ध्यानात ठेवणे आणि बेत पालटणे. वर छातीचा भाता फुलतो तो वेगळाच. आट्यापाट्यांवर इलिनॉयसारखा मोठा प्रयोग कुणी केला तर तो वाचायला मिळावा अशी फार इच्छा आहे. चुन्याची एक गोणी आणि उघडे मैदान, एवढ्यात प्रयोगशाळा उभी राहील. डाबडुबली खेळताना झाडाच्या फांदीवर तोल सांभाळणारे मूल, गिल्ली उडण्याआधी तिचा कोन जोखणारे मूल, लगोरी रचता रचता चेंडू कुठून येतो ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणारे मूल, ही सगळी त्याच शाळेतली.

अचलपूरहून अमरावती पन्नासेक किलोमीटर. शरीरशिक्षणाच्या नकाशावर या शहराचे नाव एका संस्थेमुळे आहे. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी इथे एक आखाडा काढला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. आखाडा म्हटला की माती, तेल आणि दंड-बैठका एवढेच डोळ्यांपुढे येते. वैद्यांच्या आखाड्यात मल्लखांब, लेझीम, लाठी, मैदानी खेळ सगळे एका छताखाली आले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे शिकवायचे कसे याचेही शिक्षण इथे सुरू झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचे पथक जर्मनीला गेले आणि तिथल्या प्रेक्षकांसमोर हुतूतूसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. एका दमात गडी बाद करून परत फिरणारा खेळाडू बघून त्या प्रेक्षकांना काय वाटले असेल कोण जाणे.

मंडळाने नाव हनुमानाचे घेतले, हेही सहज झालेले नाही. आपल्या परंपरेत मारुती बलवान आहे तसा बुद्धिमंतांतही श्रेष्ठ मानला आहे. गावोगावच्या आखाड्यात शेंदूर लावलेली जी मूर्ती असते, तिच्यात हे दोन्ही आहेत. पुढे शाळा वेगळी झाली, आखाडा वेगळा झाला, आणि एका मारुतीचे दोन तुकडे झाले. अभ्यासात हुशार पोरगा आखाड्याकडे फिरकत नाही. आखाड्यातल्या पोराकडून मास्तर गणिताची अपेक्षा ठेवत नाहीत. या वाटणीला मेंदूशास्त्राचा काहीही आधार नाही.

ही वाटणी शाळेच्या वेळापत्रकात रोज बघायला मिळते. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली, नवोदयचे फॉर्म भरून झाले, की पहिला बळी पीटीच्या तासाचा. तो गणिताला जातो. शाळा सुटल्यावर ट्यूशन, ट्यूशनहून घरी ऑटोत. जे मूल चालत गेले असते, तेही बसून जाते. यामागचे गृहीतक असे, की मैदानावरची मिनिटे पुस्तकाच्या खिशातून काढलेली असतात. हे गृहीतक तपासून झाले आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात त्रुआ-रिव्हिएर इथे १९७० च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या मुलांना रोज एक तास जादा शरीरशिक्षण दिले, आणि तेवढा वेळ इतर विषयांतून कापला. वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. अभ्यासाचा वेळ कमी होऊनही गुण घसरले नाहीत. २०१९ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून त्या वेळेपर्यंतचे प्रयोग चाळले, तेव्हा त्यांनी बरीच सावध भाषा वापरली: सर्वसाधारण बौद्धिक क्षमतेबाबतचा पुरावा अजून निर्णायक नाही. मात्र एका विषयाबाबत त्यांना भक्कम पुरावा सापडला. तो विषय गणित. ज्या विषयासाठी पीटीचा तास कापला जातो, नेमका तोच.

भारतातल्या मुलांवरचा एक प्रयोगही सांगण्यासारखा आहे. हरिद्वारमध्ये शर्ली टेलिस यांच्या गटाने आठ ते तेरा वर्षांच्या ९८ मुलांचे चिठ्ठीने दोन गट केले. एकाला तीन महिने योगासने-प्राणायाम, दुसऱ्याला धावणे-कवायतीसारखा व्यायाम. रोज पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. रंगाचे नाव एक आणि शाई दुसऱ्याच रंगाची, असे शब्द बघून शाईचा रंग सांगण्याच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले. स्वतःबद्दलचा विश्वास योगाच्या गटात काही अंगांनी वाढला. योग की व्यायाम, अशी भांडणे मोठ्यांनी आपसात करावीत. मुलांना पाऊण तास मिळाला हे महत्त्वाचे.

आता कटू भाग. मेंदू हा फार खादाड अवयव आहे. प्रौढ माणसाच्या वजनात त्याचा हिस्सा दोनेक टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्क्यांच्या घरात. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलाचे गणित तर चक्रावून टाकणारे आहे: त्याच्या शरीराला दिवसभरात लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त एकटा मेंदू घेतो. याच वयात उंची-वजनाची वाढ मंदावलेली असते. जणू शरीर थांबून मेंदूला आधी वाढून घेऊ देते. या पंगतीत मुळात ताटच रिकामे असले तर धावणार कोण आणि कशाच्या बळावर?

अचलपूरच्या उत्तरेला डोंगर चढायला लागले की मेळघाट. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतल्या कोरकू बालकांचे कुपोषण नव्वदीच्या दशकापासून वर्तमानपत्रांत येत आहे. पण हा प्रश्न डोंगरापलीकडचाच असे समजून सपाटीवरच्यांनी निश्चिंत होऊ नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. रक्तक्षय म्हणजे रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन कमी. अशा मुलाला दम लागतो लवकर, आणि मैदानात ते कडेला बसून राहते. ते आळशी नसते. लोह नुसते रक्तासाठी लागते असेही नाही. मेंदूतल्या तंतूंवरचे आवरण तयार व्हायला आणि पेशींमधला निरोप पोचवणारी रसायने बनायलाही ते लागते. म्हणून ज्या शाळेत जंताच्या आणि लोहाच्या गोळ्या वेळेवर दिल्या जातात, त्या शाळेच्या मैदानाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटलेला असतो.

इथे या मुलखाच्या हाती एक स्वस्त हुकमाचे पान आहे. ज्वारी, तूर, हिरव्या पालेभाज्या यांतले वनस्पतिज लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले की ते बरेच जास्त शोषले जाते. आणि अचलपूर-चांदूरबाजारचा पट्टा म्हणजे संत्र्याचा. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचे फेब्रुवारी ते एप्रिल. भाकर-वरणाबरोबर एक संत्रे, तेही बाजारात न चालणारे, आकाराने लहान म्हणून बाजूला काढलेले, एवढ्याने काम भागते. याच्या उलट परिणाम करतो तो चहा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोहाचे शोषण कमी करतो, आणि वऱ्हाडात सकाळी मुलाच्या हाती चहा-टोस्ट देणाऱ्या घरांची संख्या मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल.

दुसरी अडचण उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात त्या याचसाठी. लहान मुलाला मोठ्याइतका घाम येत नाही आणि त्याचे शरीर लवकर तापते, त्यामुळे दुपारी मैदानात न सोडणे हेच शहाणपण. पण दोन महिने कूलरपुढे मोबाइल घेऊन पडून राहिलेल्या मुलाचा दम जुलैत कुठून येणार? पहाटे साडेपाच ते साडेसात, आणि ऊन कलल्यावर सातनंतर, असे दोन दरवाजे उन्हाळ्यातही उघडे असतात. अमरावतीत उन्हाळी शिबिरांना पहाटे सायकलवरून येणारी पोरे हेच करतात.

तिसरी अडचण उन्हाहून कडक, आणि तिच्याबद्दल कमी बोलले जाते. सहावी-सातवीपर्यंत मुलांच्या बरोबरीने पळणारी मुलगी आठवीत मैदानाच्या कडेला मैत्रिणींची दप्तरे सांभाळत बसलेली दिसते. ‘आता मोठी झाली’ एवढेच कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकड्यांनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करत नाहीत. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, मुलींत ८५. कारभारी घडण्याची पुढची सगळी वर्षे शिल्लक असताना मुलीचा दम तिथेच थांबवला जातो. मुलींना कबड्डीत, खो-खोत, आट्यापाट्यांत उतरवणारी शाळा या भागात नाही असे नाही. पण त्या संघातल्या बारा जणी सोडून बाकीच्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. तोच प्रश्न मुलांनाही लागू आहे. दहावीला खेळाडू म्हणून सवलतीचे गुण मिळतात ते स्पर्धांत पुढे गेलेल्यांना. मेंदूला मात्र पदकांशी देणेघेणे नाही. शेवटून दुसरा येणारा पोरगाही धापा टाकत आला असेल तर त्याचा हिशेब जमेतच होतो.

किती धावायचे? जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी सरासरी रोज साठ मिनिटे सांगते. दम लागेल, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, अशा जोराची. सलग असण्याची गरज नाही. शाळेत चालत जाणे, मधल्या सुटीतली पळापळ आणि संध्याकाळचा डाव मिळून बेरीज होते.

मोजायचे तर खेलो इंडियाच्या चाचण्यांत चौथीपासून पुढच्या मुलांसाठी ६०० मीटर धावणे आहे, दमले तर चालले तरी हरकत नाही. अमरावतीसारखे मैदान त्यासाठी लागत नाही. वीस बाय तीस मीटरचे शाळेचे अंगण असले तरी कडेकडेने सहा फेऱ्या मारल्या की ६०० मीटर भरतात. जुलैत चिखल होण्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुटीनंतर एकदा, तीच मुले, तेच अंगण. वेळ वहीत लिहून ठेवायची. स्टॉपवॉच नाही ही सबब आता कुणाला सांगता येणार नाही. ते प्रत्येक मास्तरांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.